केसरीदादा आणि मृणालीच्या सायकलचे पॅड

केसरीदादा गेला त्याला आता दोन महिने होतील. लोक अजून भेटायला येतात, चटईवर बसतात, अर्धा कप चहा घेतात आणि सगळे एकच बोलतात, केसरीनाथसारखा फिटर भिवंडीत परत व्हायचा नाही. खरं आहे ते. पण त्याचं लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं काम सगळ्या गावाला माहीत आहे. घरात त्याचं नाव निघालं की आधी सायकलची गोष्ट निघते. आणि ती गोष्ट त्याच्या हुशारीची नाही, त्याच्या चुकीची आहे.

आमचा हा दादा शेलार गावचा. सोळाव्या वर्षी भातशेती सोडून लूमवर लागला. आधी सुताच्या कांड्या भरायचा, मग एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली पाना धरायला शिकला आणि पुढं चाळीस वर्षं भिवंडीतल्या कारखान्यांतून फिटर म्हणून फिरला. कारखान्यात चाळीस लूम एकदम चालू असले की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. दादा दारात चप्पल काढता काढता सांगायचा, "बावीस नंबर का पिकर गया है, देखो." बघायला जावं तर शटलला, म्हणजे धोट्याला ठोकणारा तो पिकर खरंच झिजून गेलेला. त्यामुळे वयानं मोठे मोठे मालक पण त्याला उस्ताद म्हणायचे.

पुढं कारखाने बंद पडले, लूम भंगारात गेले आणि दादा घरी बसला. बसला म्हणजे काय, कोणाचा मिक्सर, कोणाचा पंप, कोणाचं शिलाई मशीन, ओट्यावर रांग लागलेली असायची. त्याला एक गोष्ट अजिबात खपायची नाही, कुरकुर. लूमवाल्याच्या हाताला सवयच असते ती. लोखंड बोललं की हात तेलाच्या कुप्पीकडं जातो. दाराची बिजागरी, झोपाळ्याच्या कड्या, शेजाऱ्याचं फाटक, कुठं आवाज आला की दादा कुप्पी घेऊन उभा. त्याची बायको हौसावहिनी बोलायची, "मी घोरले तर माझ्या नाकात पन दोन थेंब सोडतील हे."

त्याला स्वतःचं मूल नव्हतं. धाकटा भाऊ हरेश, त्याची बायको सरला आणि त्यांची मुलगी मृणाली, सगळे एकाच अंगणात. मृणाली दादाला मोठेबाबा म्हणायची. ती गोडाऊनमध्ये स्कॅनिंगला लागली होती, पहिली शिफ्ट, सातला हजर. तेवढ्या सकाळी गावातून धड रिक्षा मिळत नाही. हरेश शाळेची व्हॅन चालवतो, त्याची पण तीच वेळ. म्हणून मृणालीनं स्वतः पसंत करून सायकल आणली होती, डिस्क ब्रेकवाली. चाकाच्या मधोमध लोखंडाची पातळ चकती फिरते, ती डिस्क. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन छोटे पॅड तिला चिमटीत धरतात. पॅड म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे, पण सगळा भार त्यांच्यावर.

एका गुरुवारी संध्याकाळी मृणाली घरी आली ती पार कोपऱ्यापासून ऐकू आली. ब्रेक दाबला की चीं करून किंचाळायचा. दादा ओट्यावरच होता.

"काय गं, डुक्कर कापतंस का काय?"

"धूळ गेलीय हो मोठेबाबा. होईल बंद."

ती आत गेली हातपाय धुवायला. दादानं कुप्पी उचलली. पुढच्या चाकाला दोन थेंब, मागच्या चाकाला दोन थेंब, बरोबर पॅडच्या फटीत. लांब चोचीची कुप्पी आणि चाळीस वर्षांचा हात, थेंब चुकणार कुठं? चाक फिरवलं, ब्रेक दाबला. आवाज बंद. दादा खूश. कोणाला सांगितलं पण नाही, एवढ्याशा कामाचं काय सांगायचं?

शुक्रवारी सकाळी मृणाली निघाली. पहिल्या वळणावर ब्रेक जरा सुटल्यासारखा वाटला तिला, पण शिफ्टची घाई होती. मग पुलाचा उतार लागला. खाली कापडाचे तागे भरलेला टेम्पो आडवा उभा. तिनं दोन्ही ब्रेक मुठीत आवळले आणि सायकल तशीच चालली. ब्रेक नुसता घसरत होता, लोण्यात सुरी जावी तसा. पोरीनं चप्पल घासत घासत सायकल कडेला घेतली आणि मातीच्या ढिगात घातली. कोपर सोललं, गुडघा फुटला, चप्पलचा तळ गेला. टेम्पो वीतभर लांब राहिला.

टेम्पोवाल्यानंच तिला सायकलसकट घरी आणून सोडलं. अंगणात एकच आरडाओरडा. सरलानं हळद आणली, हौसावहिनीनं पाणी आणलं आणि हरेशनं सायकलला लाथ मारली.

"भंगारात घालतो हिला! आणि तू पन नोकरी सोड. काही नको ती शिफ्ट न् काही नको."

"पप्पा, सोमवारी न्हाय गेले तर नाव कापतील. सुपरवायझर बोललाय, रविवार सोडून दोन दिसांवर सुट्टी न्हाय."

"कापू दे. हातपाय तरी शाबूत र्‍हातील."

सगळे सायकलीला शिव्या घालत होते, कंपनीला घालत होते, दुकानवाल्याला घालत होते. दादा मात्र नाही. तो सायकलीजवळ उकिडवा बसला, चाक काढलं, पिन ओढून पॅड बाहेर काढला आणि नाकाला लावला. त्यातून तेलाचा वास आला. त्याच्याच कुप्पीतल्या तेलाचा, जे त्यानं जन्मभर हाताला लावलं होतं.

त्या वेळेला तो गप्प बसला असता तर कोणाला काही कळलं नसतं. पॅड खिशात घालून उठला असता तरी चाललं असतं. पण दादा उठला, हरेशच्या समोर गेला आणि पोराबाळांच्या, शेजाऱ्यांच्या, टेम्पोवाल्याच्या देखत बोलला, "कंपनीला बोलू नको. तेल मी घातलं."

हरेशला आधी कळलंच नाही. "कुठं तेल?"

"ब्रेकमध्ये. आवाज करत व्हता म्हनून. ब्रेक धरतो तो घासून धरतो, तिथं तेल घालायचं नसतं, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय. हात गेला."

हरेश दादाला कधी उलटून बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. "चाळीस वर्सं फिटर आनि पोरीच्या ब्रेकला तेल? दादा, तू आता हात लावू नको कशाला."

दादानं ते ऐकून घेतलं आणि बोलला, "एक डाव हात लावू दे. सोमवारी सकाळपर्यंत ब्रेक बसला न्हाय, तर तूच भंगारात घाल. पोरीची नोकरी माझ्यामुळं जाता कामा नये."

हरेश पाठ फिरवून आत गेला, आणि दादानं तेच हो धरलं.

आधी त्यानं आपल्या अकलेनं बघितलं. रॉकेलनं पॅड धुतला, उन्हात ठेवला, परत घातला. ब्रेक तसाच घसरडा. तेल पार आत मुरलं होतं. तेव्हा त्यानं कुप्पी हौसावहिनीच्या हातात दिली. "ही कुठं तरी ठेव आनि मी मागितली तरी देऊ नको."

शनिवारी सकाळी जुना पॅड वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधला, खिशात घातला आणि दादा भिवंडीत गेला. पहिल्या दुकानात नुसते रबराचे ठोकळे, साध्या सायकलीचे. दुसऱ्या दुकानात डिस्कचे पॅड होते. दुकानवाला न बघताच बोलला, "सब एक ही आता है, ले जाओ." दादानं आपला जुना पॅड काढून नव्यावर ठेवला. नुसत्या डोळ्याला सारखाच. पण नख फिरवलं तर वरचा कान, पिन जाते तो, तांदळाच्या दाण्याएवढा इकडं सरकलेला.

"ये नहीं बैठेगा."

"अरे थोडा घिस लेना, चाचा."

"पॅड को घिस लूँगा. जिसको चोट लगेगी, उसका क्या घिसूँगा?" असं बोलून तो उतरला पायऱ्या.

तिसरं दुकान शकूरभाईचं. शकूरभाई वयानं दादापेक्षा वीस वर्षांनी लहान, वडील त्याचे लूमवर होते, त्यामुळे ओळख जुनी. दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं बसलेली. दादानं पुडी सोडली.

"आओ उस्ताद! तार वाला ब्रेक है या तेल वाला?"

"तेल वाला भी आता है?"

"महंगी गाडी में आता है. नळी में तेल रहता है."

"मेरा तार वाला था," दादा बोलला. "मैंने तेल वाला बना दिया."

शकूरभाईनं पॅड हुंगला आणि त्याचे डोळे मोठे झाले. "उस्ताद! आपने? ब्रेक में?" सगळं दुकान हसायला लागलं. एक जण बोलला, "चालीस लूम सुननेवाले को एक ब्रेक नहीं समझा." दादा पण हसला, पण हसून झाल्यावर तिथंच स्टुलावर बसला आणि बोलला, "नहीं समझा. इसलिए आया हूँ. अब तू समझा."

ज्या माणसानं अख्खी भिवंडी शिकवली तो आपल्याहून धाकट्या दुकानदारासमोर शाळेतल्यासारखा बसला होता. हे नंतर शकूरभाईनंच मयताला आला तेव्हा सांगितलं.

तर शकूरभाईनं दोन जातीचे पॅड पुढं ठेवले. दोन्हींचा आकार जुन्या पॅडशी बरोबर जुळणारा, कान जागच्या जागी. एक काळसर, मऊ, तो रेझिनचा. दुसरा चमचमणारा, त्यात धातूची भुकटी दाबलेली, तो मेटलचा.

"मेटल ले जाओ उस्ताद. बारिश, कीचड, गड्ढे, सब में चलेगा. रेझिन जल्दी घिसता है."

दादानं मेटलचा हातात घेतला. त्याच्या हाताला तोच आवडला. जड, घट्ट, टिकाऊ. भिवंडीचा रस्ता, वरून गोडाऊनच्या कंटेनरनी उडवलेली धूळ, पावसात चिखल, टिकाऊच पाहिजे ना? त्यानं घेतलाच होता म्हणा. पण लूमच्या माणसाला एक विचारायची सवय असते, ते त्यानं विचारलं. "ये नहीं घिसेगा, तो सामने क्या घिसेगा?"

शकूरभाई डोकं खाजवायला लागला. "डिस्क पे जाएगा. अच्छी डिस्क हो तो सहती है. डिस्क पे लिखा रहता है, देखा क्या?"

दादानं घरी फोन लावला. त्याला फोन कानाला लावून चालायचं नाही, स्पीकरवर ठेवून तो लूमच्या आवाजात बोलायचा.

"मृणाली! सायकलजवळ बस. चकतीवर काय लिवलंय बघ."

"मोठेबाबा, धुळीनं काही दिसत न्हाय."

"फडक्यानं पूस. कोरड्या फडक्यानं! ओढनीनं पुसू नको."

"पुसतेय."

"बोट लावू नको चकतीला!"

"न्हाय लावत हो!"

"उस्ताद, नदीनाके तक सुनाई दे रहा है," शकूरभाई बोलला.

पलीकडं फडकं घासल्याचा आवाज. मग मृणाली हळूहळू वाचायला लागली. "इंग्रजीत हाय. बारीक हाय. रेझिन... पॅड... ओन्ली."

"म्हंजे?"

"म्हंजे फकस्त रेझिनचा पॅड लावायचा. दुसरा न्हाय."

दादानं मेटलचा पॅड काउंटरवर ठेवला, जरा लांबच ठेवला. मग शकूरभाईला बोलला, "समजलं. लूम में भी वही है. पिकर शटल को मारता है, और घिसता कौन? पिकर. शटल बचना चाहिए, इसलिए पिकर नरम रखते हैं. पिकर दूसरा आ जाता है. ही चकती कडक पॅड सहनारी न्हाय. रेझिन दे, दोन्ही चाकांचे दे."

मग त्यानं एक एक करून सगळं विचारून घेतलं. डिस्क कशानं पुसायची? स्पिरिटनं, रॉकेलनं नाही, रॉकेल मागं चिकटा ठेवतं. पॅडला हात लावायचा? फक्त कडेला धरायचं. लावल्या लावल्या ब्रेक धरेल? नाही धरणार. नवा पॅड डिस्कवर बसावा लागतो, वेगात जाऊन हळूहळू दाबायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग, परत दाबायचा, वीस-पंचवीस वेळा. दादानं ते तोंडानं परत म्हणून दाखवलं, आणि एका ठिकाणी चुकला तेव्हा शकूरभाईनं सुधारलं. मग मेडिकलमधून स्पिरिटची बाटली घेऊन घरी आला.

रविवारी जेवणं झाल्यावर बसला कामाला. आधी साबणानं हात धुतले, तीन वेळा. नखं कापली, नखांत जन्माचं तेल होतं ना! कारखान्यातून जपून ठेवलेल्या कोऱ्या कापडाचे तुकडे केले, स्पिरिटनं डिस्क पुसली, तुकडा काळा आला, टाकला. दुसरा काळा आला, टाकला. सहावा पांढरा आला तेव्हा थांबला. पॅड कडेनं धरून बसवले, मधली स्प्रिंग घातली, पिन वळवली. चाक फिरवून कान लावला. एका बाजूला सर्र सर्र घासत होतं. दोन बोल्ट सैल केले, ब्रेक दाबून धरला, परत आवळले. सर्र बंद.

मृणाली जवळ बसून सगळं बघत होती. दादा तिला एकेक करून दाखवत होता आणि मधेच बोलला, "पुढच्या टायमाला तू करशील. माझ्यावर राहू नको."

आता पॅड डिस्कवर बसवायचं काम. मृणालीचं कोपर दुखत होतं, आणि दादा तसंही तिला बसू देणार नव्हताच. लुंगी खोचली आणि त्रेसष्ट वर्षांचा माणूस दुखऱ्या गुडघ्यानं पोरीच्या सायकलवर चढला. गावातल्या सरळ रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा. लोक ओट्यावर येऊन बसले. लडकू म्हणून त्याचा जुना दोस्त आहे, तो ओरडला, "केसरी, शर्यत कवा हाय?"

"सोमवारी!" दादा ओरडला आणि पुढं गेला.

दहा फेऱ्यांपर्यंत ब्रेक नुसता घासत होता. पंधराव्याला जरा धरायला लागला. विसाव्याला जळकट वास आला, शकूरभाई बोलला होता तसाच. तिसाव्या फेरीला त्यानं ब्रेक दाबला आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली, दादा पुढं वाकला. ब्रेक दाबताना बारीक आवाज येत होता. दादाचा हात सवयीनं बाजूला गेला, मग त्यानं तोच हात हँडलवर परत ठेवला. "बोलू दे," बोलला. "धरतोय ना."

हरेश दारातून बघत होता. सरला त्याला हळूच बोलली, "आता तरी बोला भाऊजींशी." हरेश बोलला, "सपाट रस्त्यावर कोन पन थांबंल. उतार कुठं हाय इथं?"

ते दादाच्या कानावर गेलं. सोमवारी सकाळी सहाला मृणाली निघायच्या आधी दादा हौसावहिनीच्या हातचा चहा पिऊन पायीच निघाला होता. हरेशला ते कळलं तसा त्यानं व्हॅन शेजारच्या ड्रायव्हरला दिली आणि स्कूटर घेऊन मृणालीच्या मागं गेला.

पुलाच्या उतारावर ती वर पोचली आणि खाली बघते तर दादा उभा. शुक्रवारी जिथं टेम्पो आडवा होता बरोबर तिथं, रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात, दोन्ही हात मागं बांधून.

हरेश वरून ओरडला, "दादा! येडा झालास काय? बाजूला हो!"

दादा खालून ओरडला, "तू गप! मृणाली, ये. त्या खांबापाशी दाब, त्याच्या आधी न्हाय. पुढचा आनि मागचा संगती. माझ्याकडं बघू नको, रस्त्याकडं बघ."

पोरीनं सोडली सायकल. उतारावर वेग धरला, वारा कानात, आणि तिला समोर मोठेबाबाच दिसत होते, कितीही बघू नको बोलले तरी. खांब आला. तिनं दाबला. आवाज आला, आणि ब्रेकनं धरलं. सायकल हळू झाली, आणखी हळू झाली, आणि दादाच्या अलीकडं चार हातांवर थांबली. मृणालीनं एक पाय खाली टेकवला.

आणि बोलली, "मोठेबाबा, बाजूला व्हा ना. शिफ्ट चुकंल."

दादा बाजूला झाला. ती गेली. पुढच्या वळणापर्यंत तो तिच्याकडं बघत होता, आणि ती वळली तसा कठड्यावर बसला. हरेश स्कूटर घेऊन खाली आला. लाथ मारली होती, उलटून बोलला होता, सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"तिनं न्हाय थांबवली असती तर?" तो बोलला.

"तर माझ्यावर आली असती. टेम्पोवर जान्यापेक्षा बरं. मी तेल घातलं व्हतं ना, टेम्पोनं न्हाय."

हरेशनं त्याचा हात धरून त्याला उठवलं, स्कूटरवर मागं बसवलं. घरापाशी आल्यावर दादा उतरला, ओट्याकडं निघाला. हरेश स्कूटरवरच बसून होता.

"दादा," तो बोलला, "या स्कूटरचा मागचा ब्रेक पन जरा ढिला लागतोय. बघतोस का?"

दादा वळला. स्कूटरपाशी आला, चाकाकडं वाकला, नुसतं बघितलं. हात लावला नाही.

"बघतो," बोलला. "पन हा येगळा ब्रेक हाय. आधी कोनाला तरी इचारून येतो."

आणि दुसरा चहा घ्यायच्या आधी तो परत भिवंडीला निघाला पण.